समोरच्या खोक्यातले लिंबाजीमामा

लिंबाजीमामा पांढरा शर्ट घालून गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. माझी पोटदुखी त्या शर्टापासून सुरू झाली. आमचा धंदा असा, की दुपारपर्यंत माणूस कोपरापर्यंत काळा होतो. बॅटरीचं ॲसिड पँटीला भोकं पाडतं, ग्रीस नखांत जाऊन बसतं. मामा मात्र संध्याकाळी खोक्याला कुलूप लावून निघायचे तेव्हा सकाळची इस्त्री जशीच्या तशी असायची. माझी बायको सुनीता एकदा डबा घेऊन दुकानात आली, रस्त्यापलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ते बी तुमचंच काम करतात न्हाई का?" त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

वारंगा फाट्यावर दुकान माझं आधीचं. नांदेडला आयटीआय करून आलो, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, पेंटरकडून मोठा बोर्ड रंगवून घेतला. सहा-सात वर्षं फाट्यावर ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणजे मीच. मग एक दिवस समोर पत्र्याचं खोकं उभं राहिलं आणि त्यात हा साठीकडे झुकलेला, बुटका, मिशा काळ्याभोर रंगवलेला माणूस येऊन बसला. चष्म्याला मागून लाल दोरा. पंधरा-वीस वर्षं हैदराबादला कुठल्याशा गॅरेजात होते, आता गावाकडं परतले, एवढंच कळलं. गाव हट्टा. बोर्ड नाही, सर्टिफिकेट नाही. साबणाच्या एका डब्यात सगळी हत्यारं: टेस्ट लॅम्प, कानस, वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, एक जुना दात घासायचा ब्रश आणि शिवणाच्या दोऱ्याचं रीळ.

गाडी आली की ते बोनेट उघडायचे नाहीत. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायचे आणि चौकशी सुरू करायचे. गाडी कोण चालवतं, उभी कुठं राहते, बोनेटवर कोंबड्या बसतात का, घरात उंदरं हैत का. लोक हसायचे. कुणी घड्याळ बघितलं तर मामा शांतपणे खाली उतरायचे आणि माझ्याकडे हात करायचे. "तुमाला गडबड हाय. समोर जावा. पोरगं हुशार हाय, झटक्यात करून देतं."

ते पोरगं म्हणजे मी. तेव्हा माझं वय अडतीस होतं.

म्हणजे घाईची गिऱ्हाइकं मला ते स्वतः पाठवत, आणि ती मला घ्यावी लागत. त्यांनी माझी गिऱ्हाइकं पळवली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

एका दूधवाल्याचा पिकअप होता. हिंगोलीकडे जाताना त्याचे दिवे बंद पडायचे, येताना ठीक. मी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, शेवटी डायनॅमो काढून बघितला. तो मामांकडे गेला. मामांनी फक्त एवढं विचारलं, "जाताना गाडीत काय असतं, येताना काय असतं?" जाताना भरलेले कॅन, येताना रिकामे. मामा गाडीखाली पोतं टाकून आडवे झाले. वजनानं बॉडी खाली बसली की एक वायर चेसिसवर चेपत होती. तिच्यावर रबराची नळी चढवली, काम झालं. दूधवाल्यानं हे मला माझ्याच दुकानात येऊन, हसत हसत सांगितलं. मीही हसलो. मग आत जाऊन पाणी प्यायलो.

पण खरी गोष्ट दत्तरावांच्या गाडीची.

दत्तराव कुरुंद्याचे. हळदीचं मोठं पीक घेणारे, बोलायला मोकळे, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पुण्याहून एक जुनी चंदेरी गाडी आणली. तिच्या छताला काच होती, बटण दाबलं की सरकणारी. आमच्या भागात तेव्हा अशी गाडी नवलाचीच. दत्तरावांच्या आई पारूबाई तिला 'वरचं कवाड' म्हणायच्या. दोन महिन्यांत कवाडाचं बटण बंद पडलं. मी पुण्याहून नवा स्वीच मागवून बसवला. तीन महिन्यांत तोही गेला. दुसरा बसवला, तोही गेला. तिसरा लावताना मी दत्तरावांना म्हणालो, "जुन्या गाडीला असंच असतं. माल हलका येतो आता."

तिसरा पोळ्याच्या आधीच बंद पडला. त्या दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर आली, थोडी थांबली आणि वळून पलीकडे गेली. दत्तरावांनी माझ्याकडे बघून ओशाळवाणा हात केला. मी हातातल्या हॉर्नला डाग देत असल्याचं दाखवलं. इस्त्री गरमसुद्धा नव्हती.

पारूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मामा त्यांच्याशेजारी ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आणि अर्धा तास दोघं गप्पा मारत राहिले. काय बोलले ते मला दत्तरावांनी नंतर सांगितलं.

"आजी, हे कवाड कोण उघडतं?"

"मीच. मला गाडी लागते. वरचं वारं आलं की मळमळ थांबते."

"बटण कसं दाबता?"

"दाबून धरते. बरं वाटंस्तोवर."

"कवाड पुरं उघडल्यावर बी?"

"मला काय दिसतं वर? मी तर डोळे मिटून बसलेली असते."

मामांनी बटणाला हातच लावला नाही. वरची काच उतरवली. काच ज्या खाचांतून सरकते त्या खाचांत हळदीची धूळ भरली होती. दत्तराव त्याच गाडीतून वसमतच्या बाजारात जायचे, हळद पॉलिश करायच्या मशीनपाशी गाडी उभी करायचे. ती धूळ जुन्या ग्रीसमध्ये कालवून काचा बसवायच्या लांबीसारखी घट्ट झाली होती. काच जड चालायची, मोटर जोर लावायची, आणि त्या मॉडेलमध्ये मोटरचा सगळा करंट बटणातूनच जायचा. त्यात आजींचं बोट दाबलेलं. आतले पॉइंट जळणारच. मी तीन वेळा जळलेलं बोट बदललं होतं. चूल कुठं पेटली ते पाहिलंच नव्हतं.

मामांनी दोन दिवस घेतले. दात घासायच्या ब्रशनं खाचा घासल्या. बाहेर टाकलेल्या चिंध्या पिवळ्याधमक पडल्या होत्या. शर्टावर एक ठिपका नव्हता. मग त्यांनी एक रिले बसवला, म्हणजे बटणानं नुसता इशारा द्यायचा, मोटरचा भार रिलेनं घ्यायचा. आणि दत्तरावांना माझ्याकडे पाठवलं.

"माधव, तो काढलेला स्वीच हाय का तुझ्याकडं? मामा मागून राहिले."

भंगाराच्या डब्यातून मी तो काढून दिला. मी निकामी ठरवलेला माझाच स्वीच. मामांनी उघडून त्याचे पॉइंट कानशीनं साफ केले आणि तोच पुन्हा बसवला. आजींना म्हणाले, "सातपस्तोर मोजा आन् बोट काढा. कवाड पळून जात न्हाई."

तो स्वीच नंतर कधी बिघडला नाही. कुरुंद्यातल्या बायका गाडीत बसल्या की आजी त्यांना मोजून दाखवायच्या, असं दत्तराव कौतुकानं सांगायचे. ज्यानं ते बटण तीन वेळा बसवलं होतं त्यालाच सांगायचे.

त्या वर्षभरात मी मामांकडे किती वेळा बघितलं असेल, सांगता येणार नाही. ते चहा कसा पितात, वायर कशी सोलतात, गिऱ्हाईक नसलं की काय करतात. गिऱ्हाईक नसलं की ते खुर्चीत ताठ बसून झोपायचे. माझ्याकडे गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईल बघायचो आणि जीव खालीवर व्हायचा. मला त्यांच्या झोपेचाही राग यायचा. माणूस दिसायला साधा, पण साधा नव्हता. मिशीला रंग लावायला दर रविवारी न्हाव्याकडे जायचे. स्वतःच्या कामाची स्तुती कान देऊन ऐकायचे, मधेच थांबली तर "मग?" असं विचारायचे. हे दोष मी मनात जपून ठेवत होतो. पण ते पुरत नव्हते.

पुढच्या हळदीच्या हंगामात मामा चुलतभावाच्या मातीला गेले होते. खोकं बंद. दत्तराव आले, म्हणाले, "हॉर्न वाजून न्हाई राहिला, जरा बघ. मामा न्हाईत." 'मामा नाहीत' म्हणून मी. हॉर्नची वायर निसटली होती, दोन मिनिटांचं काम. दत्तराव चहाला गेले. मी गाडीत एकटा होतो. आरशाजवळचं झाकण काढून मी ते मामांचं काम पहिल्यांदा नीट बघितलं.

वायरी एकमेकींना समांतर, वळणावर सारख्या वाकवलेल्या, आणि त्यांच्याभोवती शिवणाच्या दोऱ्यानं घातलेले बारीक फेरे. झाकणाआड, जिथं कुणी बघणार नाही अशा जागी. मी इतकी वर्षं काळी पट्टी गुंडाळत आलो होतो. मला आधी वाटलं, याचा फोटो काढून ठेवावा. आणि मग मी पाना घेतला आणि रिलेची अर्थिंगची नट एक आटा ढिली केली.

काय होईल याचा विचार केला नव्हता, असं मी म्हणणार नाही. केला होता. बटण पुन्हा बंद पडेल, दत्तराव मामांवर चिडतील, एवढा केला होता.

चार दिवसांनी दत्तराव आईला घेऊन औंढ्याला निघाले. कवाड उघडं होतं. खराब रस्त्यानं नट सुटली आणि त्याच वेळी अवकाळी पाऊस आला. काच सरकेना. आडोशाला थांबायला जागा नाही. म्हातारी पुढच्या सीटवर डोक्यावर पोतं धरून भिजत बसली. दोन दिवसांनी ताप, मग न्युमोनिया. वसमतच्या दवाखान्यात पाच दिवस होत्या. मला हे चहाच्या टपरीवर कळलं. चहा अर्धाच ठेवून मी उठलो.

सहाव्या दिवशी दत्तराव गाडी घेऊन मामांच्या खोक्यासमोर आले आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं बोलले. "तुमच्या कामापायी माझी माय जाता जाता राहिली. केवढं नाव ऐकून होतो तुमचं." मामा उभे होते. त्यांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. नट बोटानं फिरवून बघितली. मग दत्तरावांकडे वळले.

"माझ्या हातचं काम हाय. जिम्मेदारी माझी."

दत्तराव निघून गेले. मामांनी चष्मा पुसला आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं, स्टुलावर बसले.

"नट तू ढिली केलीस."

मी हातातला पाना खिळ्याला अडकवला.

"आपोआप सुटलेली नट गंजाचा डाग सोडते. पाना लावलेली चकाकते." मग म्हणाले, "तीन येळा स्वीच बदललास तवा तुला बिघाडाची जागा सापडली न्हाई. बिघडवायला गेलास तर बराबर सापडली."

माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. त्या वाक्यात शिव्या नव्हत्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात थोडं कौतुक होतं.

"त्यांना सांगितलं का न्हाई तुमी?" मी विचारलं.

"मी काहून सांगू? म्हातारीला ताप तू आणलास. तूच जा कुरुंद्याला."

"दत्तराव मला तोडतील."

"तोडू दे," मामा म्हणाले. उठले आणि गेले.

मी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. पारूबाई ओसरीवर खाटेवर होत्या, अंगावर गोधडी, आवाज खोल गेलेला. खाटेखाली परडीत पेरू. मी विचारायच्या आधीच दत्तराव म्हणाले, "मामा आणून राहिले रोज. मी बोलत न्हाई त्यांच्याशी. आईच बोलते." म्हणजे तिथंही ते माझ्या आधी पोचले होते. एवढ्या शरमेत सुद्धा मला त्या पेरूंचा हेवा वाटला.

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं. "आजी, मामांची चूक न्हाई. नट मी ढिली केली. मला त्यांचं बघवत नव्हतं."

पारूबाईंनी गोधडीतून हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"लेकरा, मी काय आज जन्मले का?" त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाच्या हातून राहिलं असंल. त्याचं नाव जाऊ नये म्हणून तू आपल्या अंगावर घेऊन राहिलास."

"न्हाई आजी, खरंच मी..."

"पुरं. मला कळतं." त्यांचे डोळे भरून आले होते. "दत्ता, हे बघ. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसासाठी असं करतो. आन् तू रस्त्यावर बोलून आलास मामाला."

मी दत्तरावांना बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं. नट, पाना, आटा, सगळं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माधव, तुझं मन एवढं मोठं असंल असं वाटलं नव्हतं." मला जेवूनच जा म्हणाले. मी पिठलं-भाकरी जेवलो. एक घासही गोड लागला नाही, पण जेवलो.

दुसऱ्या दिवशी दत्तराव फाट्यावर मामांची माफी मागून गेले आणि जाताना टपरीवर सगळ्यांना माझ्या मोठ्या मनाची गोष्ट सांगून गेले. मामांनी मला हाक मारली. खोक्यात बसवलं. मी कुरुंद्यात काय झालं ते सांगितलं. ते आधी नुसते ऐकत होते, मग "मग?" म्हणाले, मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी प्यावं लागलं.

"खरं बोललास आन् वरून नाव कमावलंस," ते डोळे पुसत म्हणाले. "असं मला जिंदगीत जमलं न्हाई."

तेवढीच एक गोष्ट, जी मला जमली आणि त्यांना नाही. ती मी कुणाला सांगूही शकत नव्हतो.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. दोस्ती म्हणणार नाही. मी त्यांच्याकडून दोऱ्याचे फेरे शिकलो. ते मला सुबक येत नाहीत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. "न्हाई, तुझे ढिले पडून राहिले." मी घरी जुन्या वायरींवर सराव करायचो. सुनीता बघत बसायची. अजून ते फेरे मला त्यांच्यासारखे येत नाहीत.

रस्ता रुंद करायचं काम आलं तेव्हा पलीकडची खोकी उठली. माझं दुकान आतल्या बाजूला होतं, ते राहिलं. मामांनी दुसरी जागा शोधली नाही. साबणाचा डबा पिशवीत घालून हट्ट्याला गेले. आता फाट्यावर पुन्हा मी एकटाच. जुन्या गाड्यांची छतावरची काच अडली की लोक माझ्याकडे येतात. मी खाचा साफ करतो, रिले बसवतो, गिऱ्हाईक खूश होतं. एखादा म्हणतो, "लिंबाजीमामाबी असंच करायचे." मी मान डोलावतो. ते वाक्य ऐकलं की अजून काहीतरी टोचतं.

गेल्या हिवाळ्यात एका गाडीचा बिघाड मला आठवडाभर सापडेना. मी मोटरसायकल काढून हट्ट्याला गेलो. मनात दोन गोष्टी होत्या. एक, विचारायचं. दुसरी, वय झालंय, आता त्यांनाही सांगता येणार नाही, तेवढंच बघून यायचं.

मामा अंगणात चुलीपुढं बसले होते. त्यांच्या बायकोचा, केवळबाईंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मामा भाकरी शिकत होते. परातीतली भाकरी उचलायला गेले आणि ती मधोमध फाटली. ज्या हातांचा मी इतकी वर्षं द्वेष केला, त्यांना पिठाचा गोळा आवरत नव्हता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

"बस माधव," ते म्हणाले, पण नजर परातीतच. मग बायकोला विचारलं, "पाणी कमी पडलं का?"

"न्हाई. बोटांनी थापून राहिले तुमी. तळवा टेका."

"कसा?"

केवळबाईंनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि फिरवून दाखवलं. मामा लहान मुलासारखे हाताकडे बघत होते. दुसरी भाकरी तव्यापर्यंत गेली, पण कडेनं चिरली. "हे काहून चिरलं?" त्यांनी विचारलं आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. पुन्हा विचारलं. बाहेरचा माणूस बघतो आहे, याचं त्यांना काहीच नव्हतं. मी माझ्या आयुष्यात असं कुणासमोर विचारलेलं मला आठवेना. बिघाड विचारायला आलो होतो, तोही ओठावर येईना.

शेजारणीनं चहा आणून दिला. तो पिऊन मी निघालो. मामांनी मान हलवली, एवढंच. फाटकापाशी मोटरसायकलला किक मारली आणि मागं बघितलं. तिसरी भाकरी तव्यावर होती. दोघं तिच्यावर वाकून, फुगते की नाही ते बघत होते. मीही गाडी चालू ठेवून तिथंच थांबलो.

अर्धीच फुगली. मामांनी ती चिमट्यानं उचलून केवळबाईंच्या ताटात ठेवली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.